ठाण्याच्या एक्केचाळीस नोंदी

मराठी विकिपीडियासाठी ठाणे शहराचा लेख आम्ही दोघांनी धूळपाटीवर, म्हणजे कच्च्या मसुद्याच्या पानावर, नव्याने मांडायला घेतला, तेव्हा त्यातला सगळ्यांत लांब विभाग इतिहासाचा नव्हता आणि भूगोलाचाही नव्हता. तो होता ‘रंजक माहिती’. एकेका ओळीच्या ४१ नोंदी, एकाखाली एक, समोर ठिपका देऊन. काही काकांच्या वह्यांतल्या, काही मी शाळेच्या भित्तिपत्रकासाठी वर्षानुवर्षं लिहिलेल्या, तर काही इतर सदस्यांनी चर्चा पानावर, म्हणजे लेखाविषयी बोलायच्या जोडपानावर, सुचवलेल्या.

काका म्हणजे माझे नात्यातले कुणी नव्हेत. कळव्याला राहतात, रेल्वेतून निवृत्त झालेत. आधी चार वर्षं मी त्यांना फक्त सदस्यनावाने ओळखत होते. माझ्या लेखांतली ऱ्हस्व-दीर्घं कोणीतरी पहाटे साडेपाचला निमूट दुरुस्त करून जायचं, ते हेच. पुढे एका रविवारी तलावपाळीवर, गडकरी रंगायतनसमोर भेटलो. तेव्हापासून ते मला ताई म्हणतात आणि मी त्यांना काका.

नोंदी अशा होत्या: भारतातली पहिली रेल्वे ठाण्याला आली. त्या गाडीच्या इंजिनांची नावं साहेब, सिंध आणि सुलतान. ठाण्यात साठ तलाव होते. मार्को पोलो ठाण्याला येऊन गेला. ठाण्याच्या किल्ल्यातून एक कैदी गाणं ऐकून पळाला. डोकं फिरलेल्याला ‘ठाण्याला पाठवा’ म्हणतात. खाडीत फ्लेमिंगो येतात. तुरुंग किल्ल्यात आहे. मामलेदार मिसळ प्रसिद्ध आहे. आणि अशाच आणखी.

वाचायला मजा येते, हे खरं. शाळेतल्या मुलांना मी याच ओळी सांगत आले आणि मुलं कान टवकारून ऐकतात. पण विश्वकोशात ठिपक्यांची यादी ही अडगळीच्या खोलीसारखी वाढत जाते. जे कुठे ठेवायचं कळत नाही ते तिथे टाकलं जातं. आणि दार उघडं असल्यामुळे येणारा प्रत्येक जण आपलंही एक गाठोडं ठेवून जातो. केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाला २३ खंडांत सारं बसवायचं होतं, वाईच्या मराठी विश्वकोशाला २० खंडांत. कागद संपतो, त्यामुळे काय गाळायचं याचा निर्णय संपादकाला घ्यावाच लागतो. २००३ सालच्या १ मे रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाला कागद संपण्याची भीती नाही. म्हणून तर गाळण्याचं काम जास्त कठीण आहे. जागा नाही, हे कारण पुढे करता येत नाही. दरवेळी खरं कारण द्यावं लागतं.

इंग्रजी विकिपीडियावर या बाबतीत लिहून ठेवलेलं मार्गदर्शन आहे. सुट्या तुकड्यांच्या याद्या टाळाव्यात, असं ते सांगतं. पण त्याच्या पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो: यादी दिसली की सरसकट पुसून टाकू नका, त्यातल्या ज्या गोष्टींना लेखात हक्काची जागा आहे त्या तिथे नेऊन बसवा. घाईत असलेले लोक पहिला भाग वाचतात आणि दुसरा विसरतात. मी स्वतः सुरुवातीच्या वर्षांत अशा दोन-तीन याद्या एका फटक्यात काढल्या होत्या. त्यातली एक काढल्यावर ती लिहिणारा सदस्य परत कधीच आला नाही. ते मला आजही लागतं.

म्हणून या वेळी आम्ही ठरवलं की प्रत्येक नोंदीचा स्वतंत्र निवाडा करायचा, तो चर्चा पानावर लिहायचा, आणि घाई करायची नाही. ४१ नोंदींना साडेतीन महिने लागले.

पहिलीच नोंद रेल्वेची, आणि तिथेच आठ दिवस गेले.

‘भारतातली पहिली रेल्वे’ हे वाक्य ठाणेकर म्हणून मला तोंडपाठ आहे. १६ एप्रिल १८५३, दुपारी साडेतीननंतर पाच मिनिटांनी बोरीबंदरहून गाडी सुटली, एकवीस तोफांची सलामी झाली, चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे, आणि गाडी ठाण्याला आली. पण मद्रासजवळ रेड हिल्सला १८३७ मध्येच दगड वाहून नेण्यासाठी रूळ घातले गेले होते. रुडकीजवळ सोलानी नदीवरच्या कालव्याच्या बांधकामाला १८५१ मध्ये वाफेचं इंजिन माती ओढत होतं. म्हणजे ‘पहिली रेल्वे’ हे चूक, ‘पहिली प्रवासी रेल्वे’ हे बरोबर. एक शब्द वाढवायचा, बस. तो वाढवताना मात्र माझ्या मनात थोडी कुरकुर झाली, हे कबूल करते. आपल्या गावाचं श्रेय आपल्याच हाताने थोडं कमी केल्यासारखं वाटतं. काकांना तसं अजिबात वाटलं नाही. ‘ताई, मालगाडी आणि प्रवासी गाडी यातला फरक आम्हा रेल्वेवाल्यांना सांगायला लागत नाही,’ एवढंच म्हणाले आणि त्यांनीच तो शब्द घातला.

मग वेळ. गाडीला ५७ मिनिटं लागली असं काही पुस्तकं सांगतात, सव्वा तास लागला असं इतर काही. अंतर एकवीस मैल, म्हणजे सुमारे ३४ किलोमीटर, यावर वाद नाही. दोन्ही वेळांना छापील आधार आहे. अशा वेळी आवडता आकडा निवडायचा मोह होतो, आणि ५७ हा आकडा अगदी गोष्टीतला वाटतो. आम्ही शहराच्या लेखातून वेळच काढली. गाडी किती मिनिटांत आली याने ठाणे कळत नाही. ज्या लेखाचा विषय तो प्रवासच आहे, तिथे दोन्ही आकडे, कुणी दिले त्यांच्या नावासकट, शेजारी शेजारी ठेवले.

खरी लढाई झाली इंजिनांच्या नावांवरून.

मी लिहिलं होतं की साहेब, सिंध, सुलतान ही नावं शहराच्या लेखात नकोत, रेल्वेच्या लेखात जावीत. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचा फोन. ‘ताई, ती नावं काढू नका हो. माणसं विसरली जातात, निदान इंजिनांची तरी नावं राहू देत.’ मी म्हटलं, काका, काढत नाही, हलवतेय. पण त्यांच्या आवाजात जे होतं ते मला कळत होतं. या माणसाने आयुष्याची छत्तीस वर्षं इंजिनांच्या सोबतीने काढली आहेत. त्यांच्यासाठी ती नावं म्हणजे घरातली माणसं.

त्या संध्याकाळी मी मुद्दाम ठाणे स्थानकाच्या जुन्या पुलावर जाऊन उभी राहिले. खालून कर्जत, कसारा, पनवेल, वाशी अशा सगळ्या दिशांच्या गाड्या जात होत्या. तेव्हा लक्षात आलं की आम्ही दोघंही चुकीच्या गोष्टीवर भांडतोय. ठाण्यासाठी महत्त्वाचं इंजिनाचं नाव नाही. महत्त्वाचं हे आहे की पुढचं कल्याणपर्यंतचं काम पूर्ण होऊन १ मे १८५४ रोजी गाडी तिकडे सुरू झाली. म्हणजे एक वर्ष आणि पंधरा दिवस ठाणे हे शेवटचं स्थानक होतं. रूळ इथे संपत होते. पुढे जाणाऱ्या प्रत्येकाला, व्यापाऱ्याला, टपालाला, इथे उतरून बैलगाडी किंवा होडी धरावी लागत होती. मग खाडी ओलांडली गेली आणि ठाणे शेवटचं न राहता मधलं स्थानक झालं. ही गोष्ट आमच्या ४१ नोंदींत कुठेच नव्हती! आम्ही तोफा मोजल्या होत्या, डबे मोजले होते, आणि शहराला काय झालं ते पाहिलंच नव्हतं.

काकांना हे सांगितलं तेव्हा ते काही क्षण गप्प राहिले, आणि मग म्हणाले, ‘हे आपण लिहूया.’ इंजिनांची नावं त्यांनी स्वतः रेल्वेच्या लेखात नेली आणि शहराच्या लेखातून तिकडे दुवा दिला. रेल्वेच्या परिच्छेदात आता चार वाक्यं आहेत. त्या चार वाक्यांत गेलेले आठ दिवस मला चांगले दिवस वाटतात.

तलावांचं प्रकरण वेगळ्या प्रकारचं निघालं.

‘ठाण्यात साठ तलाव होते’ या ओळीला एका वृत्तपत्रातल्या लेखाचा संदर्भ दिलेला होता. संदर्भ आहे म्हणजे प्रश्न मिटला, असं सहज वाटतं. पण त्या लेखातलं वाक्य आणि यादीतलं वाक्य जवळजवळ अक्षराअक्षराने सारखं होतं, ‘सुबक घाट’ हा शब्दप्रयोगसुद्धा तोच. मी त्या मजकुराचा मागचा प्रवास शोधायला बसले. हे वाक्य एका सदस्याने तलावांविषयीच्या एका पानावर कोणताही संदर्भ न देता टाकलं होतं, आणि ती तारीख वृत्तपत्रातल्या लेखाच्या पाच महिने आधीची होती. म्हणजे पत्रकाराने आमच्याकडून उचललं, आणि आम्ही त्याचाच आधार घेऊन आमचं वाक्य पक्कं केलं. स्वतःच्याच सावलीला साक्षीदार उभं करण्याचा हा प्रकार. दोष कुणा एकाचा नाही; पण संदर्भाचा नुसता आकडा पाहून पुढे न जाता तो उघडून, तारीख पाहून वाचायला हवा, हे मी त्या दिवसापासून पाळते.

साठ हा आकडा शिलाहारांच्या काळाशी जोडून सांगितला जातो. श्रीस्थानक म्हणजे हेच ठाणे, उत्तर कोकणच्या शिलाहारांचं मोठं नगर. तेव्हा साठ देवळं आणि साठ तलाव होते, अशी आख्यायिका. आज किती आहेत? कुठे तीस लिहिलेलं असतं, कुठे पस्तीस. तलाव कशाला म्हणायचं यावर उत्तर बदलतं. बुजत आलेलं डबकं धरायचं का? घोडबंदर रस्त्याकडची, आधी गावं असलेल्या भागातली तळी धरायची का?

मी मे महिन्याच्या सुट्टीत पायी फिरून मोजायचं ठरवलं. मासुंदा, कचराळी, सिद्धेश्वर, आंबेघोसाळे, मखमली, जेल तलाव, रायलादेवी, उपवन. सकाळी साडेसहाला निघायचं, ऊन चढलं की परत. वहीत प्रत्येक तलावाचं नाव, काठावर काय आहे, पाणी कसं आहे. आठ दिवसांत माझ्यापुरती मोजणी झाली. आणि ती लेखात घालता येत नाही! विकिपीडियावर स्वतःचं मूळ संशोधन चालत नाही. मी डोळ्यांनी पाहिलं, हा पुरावा इथे पुरावा नाही. नव्याने आलेल्या लोकांना हा नियम फार जाचक वाटतो, आणि मलाही त्या आठवड्यात वाटला. पण विचार करा, माझ्या मोजणीवर विश्वास ठेवायचा तर उद्या कुणीही येऊन आपली मोजणी लिहील, आणि वाचणाऱ्याला दोन्हींतली खरी कोणती हे तपासायचा मार्गच राहणार नाही. वाचकाला माझ्या घरी येऊन माझी वही पाहता येत नाही. ग्रंथालयात जाऊन पुस्तक मात्र पाहता येतं.

शेवटी ‘तलावांचे शहर’ ही ओळख लेखाच्या सुरुवातीला ठेवली, कारण ती सगळीकडे छापून आलेली आहे. साठची आख्यायिका ‘परंपरेनुसार’ असं म्हणून इतिहासात गेली. सध्याचा आकडा कुणी, कोणत्या साली दिला ते सांगूनच लिहिला. वही माझ्या कपाटात आहे.

माझ्या सगळ्यांत आवडीची नोंद म्हणजे गाणं ऐकून पळालेला कैदी. सुरुवातीला आम्हा दोघांचंही मत होतं की ही नक्की काढावी लागणार. एका ओळीची, नाव नाही, साल नाही, वर ‘संदर्भ हवा’चा शिक्का. सिनेमातला प्रसंग वाटावा अशी. असल्या गोष्टी गाइड लोक किल्ल्याकिल्ल्यावर सांगतात.

तरी काढण्याआधी शोधायचं, हे ठरलेलं होतं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, आणि तिथल्या संदर्भ विभागात मी दोन शनिवार घालवले. १८८२ सालचं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर आधी चाळलं. मग मराठ्यांच्या इतिहासाची पुस्तकं. आणि दुसऱ्या शनिवारी ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२६ साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात तो प्रसंग समोर आला.

कैदी म्हणजे त्रिंबकजी डेंगळे, दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी. १८१५ मध्ये पंढरपूरला बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून झाला, त्याचा ठपका त्रिंबकजीवर आला. इंग्रजांनी बाजीरावावर दबाव आणून त्याला ताब्यात घेतलं आणि ठाण्याच्या किल्ल्यात ठेवलं. पहाऱ्याला सगळे युरोपियन शिपाई होते, म्हणजे फितुरीचा प्रश्नच नको. किल्ल्यातल्या एका अधिकाऱ्याकडे मराठी मोतद्दार होता. तो घोडा फिरवायला नेताना त्रिंबकजीच्या खिडकीखालून जायचा आणि सहज गुणगुणल्यासारखा गात जायचा. गाण्यात पळून जाण्याचा बेत सांगितलेला असायचा. पहारेकऱ्यांना मराठी येत नव्हतं. १८१६ च्या सप्टेंबरमध्ये त्रिंबकजी निसटला. कलकत्त्याच्या बिशप हेबरच्या प्रवासवर्णनातही ही हकीकत आहे.

वाचताना माझ्या अंगावर काटा आला. ग्रंथसंग्रहालयाच्या त्या शांत खोलीत, बाहेर रिक्षांचा गोंगाट चालू, आणि इथून हाकेच्या अंतरावर दोनशे वर्षांपूर्वी एका माणसाने केवळ मराठी येतं एवढ्या बळावर एका साम्राज्याच्या पहाऱ्याला चकवलं होतं. त्या मोतद्दाराचं नाव मला कुठेही सापडलं नाही.

आणि ही गंमत म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही. त्रिंबकजीला परत आमच्या हवाली करा, ही मागणी इंग्रजांनी १८१७ मध्ये बाजीरावापुढे ठेवली, त्यातून जूनमधला पुण्याचा तह झाला, आणि वर्षभरात पेशवाई संपली. त्रिंबकजी १८१८ मध्ये पुन्हा पकडला गेला आणि चुनारगडावर कैदेत राहिला. म्हणजे जी ओळ आम्ही कचरा समजून टाकणार होतो, ती इतिहासाच्या मधोमध बसणारी होती. तिला फक्त नाव, साल आणि आगापीछा मिळाला नव्हता. ती किल्ल्याच्या परिच्छेदात गेली.

तो परिच्छेद त्यानिमित्ताने चांगलाच भरला. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतलेला किल्ला, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतलेला, पुढे इंग्रजांकडे आणि मग तुरुंग. ‘तुरुंग किल्ल्यात आहे’ ही नोंद यादीत नुसती गंमत म्हणून होती. याच तुरुंगात १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी देण्यात आलं. ते वाक्य लिहून झाल्यावर आम्ही दोघांनीही त्या दिवशी पुढचं काम केलं नाही.

मार्को पोलोचं उलट झालं. ती नोंद अगदी भरवशाची वाटत होती, कारण कितीतरी ठिकाणी छापलेली दिसते, सालासकट. मूळ ग्रंथाचं भाषांतर उघडून पाहिलं. ठाण्याच्या राज्याचं वर्णन आहे: तपकिरी रंगाचा धूप मिळतो, कातडं आणि कापूस यांचा व्यापार आहे, समुद्री चाचे आहेत, आणि लुटीतले घोडे राजाला द्यायचे असा त्यांचा राजाशी करार आहे. पण मी स्वतः तिथे गेलो, असं त्या मजकुरात म्हटलेलं नाही. म्हणून ‘येऊन गेला’च्या जागी ‘त्याच्या ग्रंथात वर्णन येते’. चाचे आणि घोडे ठेवले. माझ्या मते मूळ नोंदीपेक्षा हे कितीतरी जास्त रंजक आहे.

काही नोंदी पाच मिनिटांत निकालात निघाल्या. फ्लेमिंगो ही मुळात किरकोळ माहिती नव्हतीच. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झालं आणि २०२२ मध्ये ते रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत आलं. त्याला स्वतःचा विभाग मिळाला. पारसिकचा १९१६ सालचा बोगदा रेल्वेच्या लेखात गेला. मिसळीला खाद्यसंस्कृतीत एक वाक्य, कारण तिच्याविषयी अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे लिहून आलं आहे. एका वडापावच्या गाडीची नोंद फोन नंबरासकट होती, ती काढली. कुणाच्या तरी सोसायटीच्या गणपतीची नोंद तीनदा काढली आणि तीनदा परत आली. चौथ्या वेळी मी बदल उलटवला नाही. त्या सदस्याच्या चर्चा पानावर लिहिलं: ‘आपल्या मंडळाच्या जुन्या अहवालांची छायाचित्रं असतील तर ती जपून ठेवा, कधीतरी कुणीतरी ठाण्याच्या गणेशोत्सवाचा इतिहास लिहील तेव्हा लागतील.’ त्याने उत्तर दिलं, आणि आता तो तलावांची छायाचित्रं काढून चढवतो. छान काढतो.

आता ती नोंद, जिच्याबद्दल मला लिहायचं नव्हतं.

‘डोकं फिरलेल्याला ठाण्याला पाठवा म्हणतात.’

ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासूनचं. महाराष्ट्रभर ही म्हणण्याची पद्धत आहे. पुण्यात येरवड्याचं नाव घेतात, कोकणात आणि मुंबईत ठाण्याचं. कॉलेजला असताना बाहेरगावच्या मुलींना ठाण्याची आहे म्हणून सांगितलं की हमखास हसू फुटायचं. पण माझ्यासाठी ही गोष्ट तेवढ्यावर थांबत नाही. माझी मावशी तिथे दोन वर्षं होती. आमच्या घरात तिच्याबद्दल कुणी विचारलं तर आजी म्हणायची, ‘ती ठाण्याला असते.’ आम्ही स्वतः ठाण्यात राहत होतो, तरीही. एकाच शहराच्या नावाचे घरात दोन अर्थ होते, आणि कुठला कधी हे आम्हा मुलांना आवाजावरून कळायचं.

मला ती ओळ पुसून टाकायची होती. काकांनाही ती नको होती, ते म्हणाले, ‘असलं काही लिहू नये ताई.’ दोघांचं एकमत, मग अडचण काय? अडचण ही की आमच्याकडे कारण नव्हतं. मला दुखतं, हे कारण विश्वकोशाला पुरत नाही. आणि दुसरं म्हणजे, या एका ओळीत शहराविषयी, मराठी भाषेविषयी, आजारी माणसांकडे पाहण्याच्या आपल्या पद्धतीविषयी जेवढं आहे, तेवढं तीन इंजिनांच्या नावांत नाही. ती खरी आहे. सगळ्यांना माहीत आहे. ती गाळणं म्हणजे आजीने केलं तेच मी लेखात करणं.

मी चर्चा पानावर आधी हे लिहिलं की या विषयाशी माझं घरचं नातं आहे, म्हणून निर्णय मी एकटी घेणार नाही. मावशीचा उल्लेख केला नाही, एवढंच लिहिलं. मग मत मांडलं: शहराच्या लेखात, ठिपका देऊन, मिसळ आणि फ्लेमिंगोच्या मध्ये ही ओळ नको. तिथे ती विनोद होते. ती जावी रुग्णालयाच्या लेखात, मानसिक आजारांबद्दलच्या कलंकाविषयी जिथे लिहिता येईल तिथे. आणि तेही कुणी अभ्यासकाने, डॉक्टरने किंवा भाषेच्या जाणकाराने या वाक्प्रयोगाविषयी छापील काही लिहिलेलं हाती आल्यावर. नुसतं ‘असं म्हणतात’ हे पुरेसं नाही. म्हणणारे आपणच आहोत.

तीन सदस्यांनी होकार दिला. एकाने विरोध केला: जे बिनसंदर्भाचं इतरत्र चालतं ते इथेच का अडवायचं? त्याचं म्हणणं बरोबर होतं. मी त्याला उत्तर दिलं की इतरत्रही चालू नये, आणि त्या आठवड्यात बिनसंदर्भाच्या आणखी चार नोंदी, ज्या मला आवडत होत्या, त्या मी स्वतः बाहेर काढल्या. त्यांतली एक माझ्या भित्तिपत्रकातली होती. बारा वर्षं मुलांना सांगत आलेली.

शेवटी ४१ पैकी १९ नोंदी लेखात आपापल्या जागी गेल्या, ९ दुसऱ्या लेखांत हलल्या, १२ काढल्या. ‘रंजक माहिती’ हे शीर्षक ज्या दिवशी पुसलं, त्या दिवशी संपादन सारांशात काकांनी लिहिलं: ‘सगळ्यांना घरं मिळाली.’ बारांना मिळाली नव्हती, पण मी काही बोलले नाही. त्या बाराही नोंदी, कारणासकट, चर्चा पानावर जपून ठेवल्या आहेत. मोतद्दाराची गोष्ट अशीच एखाद्या पानावर पडून राहिली असती आणि कुणी शनिवारी शोधायला गेलंच नसतं तर, हा विचार मनातून जात नाही.

एक उरलेली नोंद अजून तशीच चर्चा पानावर आहे. गेल्या सोमवारी तिच्याखाली एका अनोळखी सदस्याने एका जुन्या मासिकाचं नाव, वर्ष आणि पृष्ठ क्रमांक लिहिला. मनोरुग्णालयातल्या एका परिचारिकेने लिहिलेला लेख आहे, त्यात या वाक्प्रयोगाबद्दल दोन परिच्छेद आहेत, असं त्याचं म्हणणं. ग्रंथसंग्रहालयात फोन करून विचारलं. तो अंक असावा, पण बांधणीला गेलेल्या गठ्ठ्यात आहे, शनिवारी या म्हणाले. काकांना सांगितलं. ते म्हणाले, ‘साडेदहाला दारात भेटतो.’